बालवाडीतील पाणी, माती आणि अक्षर



शेतमजुरांचे वेतन, जमिनीचा प्रश्न, रोजगार हमीची कामे हे ज्या व्यासपीठावरचे नेहमीचे विषय, तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी पाण्यात काय बुडवावे आणि मातीत काय पेरावे याची चर्चा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बालवाडी हा बायकांचा प्रांत, अक्षरओळख हा मास्तरांचा आणि विज्ञान हा प्रयोगशाळेचा, अशी एक वाटणी कार्यकर्त्यांच्याही मनात नकळत झालेली असते. परंतु विषमतेची पहिली रेघ पहिलीच्या वर्गात ओढली जाते ही समजूत खरी नाही. पहिलीत दाखल होण्यापूर्वीच एका मुलाच्या हातून शेकडो वस्तू गेलेल्या असतात, त्यांच्याविषयी कोणी ना कोणी त्याच्याशी बोललेले असते, त्याच्यासमोर कोणीतरी पुस्तक उघडलेले असते. दुसऱ्या मुलाने वस्तू कदाचित अधिकच हाताळलेल्या असतात, कारण ते शेताच्या बांधावर वाढलेले असते. परंतु त्या वस्तूंविषयी त्याला कोणी काही विचारलेले नसते. या दोन मुलांमधले अंतर बुद्धीचे नसते, मिळालेल्या संभाषणाचे आणि सवडीचे असते. सवड ही श्रमिकांच्या घरात सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे हे या श्रोत्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात नव्याने सुरू करावा लागतो अशातला भाग नाही. १९४५ साली ताराबाई मोडक मुंबईचे काम सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावी आल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला हा पट्टा आज पालघर जिल्ह्यात मोडतो. याच वर्षी, याच डहाणू-उंबरगावच्या भागात, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचे कार्यकर्ते वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढा उभारीत होते. दोन्ही कामांची प्रकृती अगदी भिन्न. एकीकडे सावकार-जमीनदाराच्या जोखडातून माणसाला उभे करणे, दुसरीकडे त्याच माणसाच्या पोराला आंघोळ घालून त्याच्यापुढे मणी, पाने आणि शिंपले मांडणे. पहिल्या कामाला चळवळीच्या इतिहासात मानाचे पान मिळाले ते योग्यच झाले. दुसऱ्या कामाकडे मात्र 'विधायक कार्य' असा शिक्का मारून आदराने पाठ फिरवण्याची रीत पडली.

ताराबाईंची जडणघडण भावनगरची. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले होते, आणि दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या साऱ्यांमागे प्रेरणा होती मारिया माँटेसोरी यांची. माँटेसोरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या वस्तीत उघडले ते मजुरांच्या मुलांसाठी, आईबाप कामावर गेल्यावर इमारतीत मोकाट हिंडणाऱ्या पोरांसाठी. तीच पद्धती भारतात येता येता पॉलिश केलेल्या लाकडी साधनांच्या किमती पेटीत बंद झाली आणि सुखवस्तू वस्त्यांची मिरास बनली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. ताराबाईंनी बोर्डीला ही पेटी बाजूला ठेवली. साधने गावातलीच, स्वस्तातली, मुलांच्या ओळखीची असली पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून रूढ झाला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. थोरली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणावर भरवली, ती कुरणशाळा. थोरल्या बहिणी धाकट्यांना सांभाळायचे म्हणून घरी बसतात असे दिसताच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, ती विकासवाडी. शिक्षणशास्त्राचे सिद्धांत येथे मुलांच्या मजुरीशी आणि आयांच्या कामाच्या वेळांशी टक्कर घेत घडले.

आता प्रत्यक्ष वर्गात काय घडते, किंवा घडायला हवे, ते जरा सावकाश पाहिले पाहिजे. या विषयावरची भाषणे बहुधा येथेच घाईने पुढे सरकतात.

एक घमेले पाण्याने भरलेले आहे. भोवती आठ-दहा मुले उकिडवी बसलेली. शेजारी खडा, वाळके पान, पत्र्याची वाटी, खिळा, बुचाचा तुकडा आणि न सोललेला नारळ. ताई काहीही शिकवीत नाहीत. त्या एकच प्रश्न विचारतात: ‘‘हे पाण्यात टाकलं तर काय होईल?’’ चार वर्षांचे मूल बेधडक सांगते की मोठे ते बुडेल. खडा टाकला जातो, तो लहान असून बुडतो. नारळ टाकला जातो, तो सर्वांत मोठा आणि सर्वांत जड असून तरंगतो. क्षणभर शांतता पसरते, आणि मग जो गिल्ला होतो तो ज्याने ऐकला असेल त्याला विज्ञानशिक्षणाची व्याख्या करून सांगावी लागत नाही. एखादी पाचेक वर्षांची मुलगी पुन्हा नारळ उचलते, हातात तोलून पाहते, पुन्हा टाकते. मग कोणीतरी वाटी उताणी ठेवते, ती तरंगते. हळूहळू पाणी भरते, ती तळाला जाते. ‘‘मघाशी तरंगत होती ना?’’ एवढेच ताई म्हणतात.

या वयात आर्किमिडीजचा सिद्धांत सांगण्याचे काहीच कारण नाही. मुलांनी दिलेले कारण चुकीचे असेल. बुडणाऱ्याला पाणी आवडते, असेही एखादे मूल सांगेल. ते दुरुस्त करण्याची घाई करणारी ताई मुलाच्या हातून प्रयोग काढून घेते आणि त्याच्या जागी स्वतःचा शब्द ठेवते. महत्त्वाचे हे की मुलाने आधी अंदाज बांधला, मग करून पाहिले, आणि आपला अंदाज चुकला हे कोणी न रागावता त्याला कळले. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यावर परिसंवाद पुष्कळ झाले. पाण्याच्या घमेल्याची आठवण त्या परिसंवादांत फारशी निघत नाही.

दुसरे उदाहरण रोजच्या स्वयंपाकघरातले. मटकी दोन वाट्यांत घ्यावी. एकीत ओल्या फडक्यात, दुसरीत कोरडी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओलीला मोड येतात, कोरडी तशीच राहते. मोड आलेले दाणे मातीत पेरले की रोज सकाळी पोरे धावत येऊन वाकून पाहतात. दाणा उलटा ठेवला तरी मूळ वळून खालीच जाते हे पाहिल्यावर मोठी माणसेही थबकतात. शेतमजुराच्या मुलाला पेरणी नवी नसते. उलट या एका विषयात ते शहरी मुलापेक्षा जाणते असते. बापाचे ज्ञान शाळेत ज्ञान म्हणून मोजले गेले असा अनुभव त्याला प्रथम येतो तो येथे. हाताचे काम करणारा अडाणी आणि पोथी वाचणारा ज्ञानी, ही जातिव्यवस्थेची वाटणी शाळेने बहुतांशी जशीच्या तशी उचलली आहे. ती मोडण्याची सुरुवात कुठून करायची असेल तर ज्या वयात मुलाला माती घाणेरडी आहे हे अजून ठाऊक नसते, त्या वयातच करावी लागेल.

येथे एक व्यावहारिक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. तीन वर्षांची मुले दाणा नाकात किंवा कानात घालतात, आणि पाण्याच्या घमेल्याजवळ लहान मूल क्षणभरही एकटे सोडता येत नाही. हे सारे वर्ग म्हणूनच दोन मोठ्या माणसांच्या नजरेखाली चालायला हवेत. हा मुद्दा पुढे पुन्हा निघणार आहे.

मग अक्षरांचे काय? पुष्कळांची समजूत अशी की हा सारा खेळ झाला, अक्षरे ही वेगळी बाब. वस्तुतः अक्षराची तयारी याच घमेल्याभोवती होत असते. प्रयोग झाल्यावर ताई फळ्यावर दोन रकाने आखतात. एकात बुडालेल्या वस्तूंची चित्रे, दुसऱ्यात तरंगलेल्यांची. नारळाच्या जागी एक गोल रेखाटला आणि त्या गोलाकडे बोट दाखवून मूल ‘‘नारळ’’ म्हणाले की वाचनातली सर्वांत अवघड पायरी त्याने ओलांडलेली असते: खूण म्हणजे वस्तू नव्हे, पण खूण वस्तूच्या जागी उभी राहू शकते. त्या गोलाखाली ताईंनी 'नारळ' हा शब्द लिहिला तर तो कोठून तरी आकाशातून पडलेला वाटत नाही. सुदैवाने त्या शब्दाला फक्त एकच काना आहे.

मूग, मटकी आणि उडीद एकत्र करून मुलांना निवडायला दिले की त्यांचे डोळे बारीक फरक टिपायला शिकतात. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक तरी याहून मोठा कुठे आहे? माती, मका, मासा, मटकी, या सगळ्यांच्या तोंडी एकच आवाज आहे हे कानाला कळल्याशिवाय 'म' हे अक्षर डोळ्याला कितीही वेळा दाखवले तरी ते नुसते चित्र राहते. देवनागरीत तर आणखी एक पेच आहे. 'चिंच' हा शब्द उच्चारताना 'च' आधी ऐकू येतो, पण लिहिताना पहिली वेलांटी त्याच्या डावीकडे, आधी काढावी लागते. ज्या मुलाच्या कानाला आवाजांची सवय नाही ते येथे हमखास अडखळते आणि मग त्याच्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो.

हातांचेही तसेच आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सारी कूर्चेची असतात. वर्षांगणिक एकेक टणक होत जाते आणि शेवटचे तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. तीन वर्षांच्या मुलाला दुरेघी वहीत पानभर 'अ' गिरवायला लावणारी शाळा ते कोवळे मनगट वेठीला धरते. वेठबिगारी कायद्याने बंद झाली असे म्हणतात! माती मळणे, ओवणे, निवडणे, चिमटीने रांगोळी सोडणे यांतून तेच मनगट आणि तीच बोटे तयार होतात. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले धुळीवर बोटाने अक्षरे काढीत, ती धुळाक्षरे. माँटेसोरींनी खरकागदाची अक्षरे बोटाने गिरवायला दिली. छडी वगळली तर धूळपाटी आणि खरकागद यांची जात एकच आहे: अक्षर आधी बोटाला कळते, लेखणीला नंतर.

यावर वस्तीतून एक आक्षेप निघतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरकाम करणारी आई अंगणवाडीच्या दारात उभी राहून विचारते: ‘‘माती तर पोर घरी पण खेळतंय. तुम्ही त्याला ए-बी-सी-डी कधी शिकवणार?’’ ऐपत असली-नसली तरी ती पोटाला चिमटा काढून गल्लीतल्या 'कॉन्व्हेंट'मध्ये मुलाचे नाव घालते. तिला अडाणी समजणारे सुशिक्षित आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र निर्धास्त असतात, कारण त्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट असते आणि झोपताना गोष्ट वाचून दाखवणारे कोणीतरी असते. त्यांच्या मुलांनी बालवाडीत निव्वळ खेळ केला तरी अक्षर त्यांना चुकत नाही. त्या आईच्या घरी अक्षर येते ते रेशनकार्डावर, विजेच्या बिलावर आणि औषधाच्या बाटलीवर. तिच्या मुलाला अक्षर बालवाडीत भेटले नाही तर कोठेच भेटणार नाही, ही तिची शंका रास्त आहे. खेळाच्या नावाखाली श्रमिकांच्या मुलांना छापील शब्दांपासून दूर ठेवणारे शिक्षणशास्त्र पुरोगामी दिसेल, पण त्याचा परिणाम प्रतिगामीच होईल. बालवाडीत पुस्तके हवीत, भिंतीवर मुलांच्याच वाक्यांचे कागद हवेत, रोज एक गोष्ट वाचून दाखवली गेली पाहिजे. भांडण अक्षरांशी नाही. अर्थ न कळता तीन वर्षांच्या मुलाकडून ती घोटवून घेण्याशी आहे.

मेळघाटातले कोरकू मूल किंवा डहाणूचे वारली मूल यांना तर दुहेरी डोंगर चढावा लागतो. त्यांच्या घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. हातात वस्तू असली की मूल तिचे नाव स्वतःच्या बोलीत सांगते, ताई ते स्वीकारतात, आणि त्याच्या शेजारी मराठी नाव येऊन बसते. वस्तूविना नुसत्या तक्त्यावरून शिकवले तर मूल गप्प होते, आणि एकदा गप्प झालेले मूल पुढे वर्षानुवर्षे गप्प राहते.

हे सारे करणार कोण? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि पाड्यावरच्या अंगणातला तो शब्द सरकारी झाला. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या घरात अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा त्यांच्याकडे सोपवलेल्या आहेत. कागदावर सहाही समान; परंतु ज्याचा हिशेब वरून मागितला जातो तेच काम आधी होते. आहाराची नोंद मागितली जाते, वजनाची मागितली जाते, २०२१ पासून ती मोबाईलवरच्या 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरावी लागते. आज घमेल्याभोवती कोणता प्रश्न विचारला गेला हे कोणी विचारीत नाही. मदतनीस आहार शिजवण्यात गुंतलेली, सेविका नोंदीत. मग पाण्याजवळ नजर ठेवायला दुसरे माणूस उरतेच कुठे? मुलांना ओळीने बसवून एका सुरात घोकायला लावणे हा अशा वेळी ताईंचा दोष नसतो. चाळीस मुले एका खोलीत सुरक्षित ठेवण्याचा तोच एक मार्ग तिच्यापुढे शिल्लक असतो.

आणि हे काम करणारी बाई कायद्याच्या दृष्टीने बराच काळ कामगारच नव्हती. ती 'मानसेवी'. तिला वेतन नाही, मानधन. २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात त्यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला आणि मानधन हे वेतनच असल्याचे मान्य केले. त्या निकालातला एक धागा येथे विशेष महत्त्वाचा आहे: अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवले जाते, ही गोष्ट न्यायालयाने सेविकांच्या बाजूने मोजली. म्हणजे बाई शिक्षिका आहे हे मान्य झाले तेव्हा ती कामगार असल्याचेही मान्य झाले. महाराष्ट्रातील सेविका डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा दीर्घ संप लढल्या. मोर्चांत कार्यकर्ते गेले, भाषणे झाली. मुलांच्या दोन तासांत काय घडते हा मात्र संघटनेचा प्रश्न अजून झालेला नाही. उलट बालशिक्षणाच्या शिबिरांतून मण्यांची आणि मातीची चर्चा रंगते, तेथे ताईंच्या मानधनाचा उल्लेख निघाला की वातावरण अवघडते. हे दोन्ही वर्ग एकमेकांशी बोलत नाहीत, याचा फायदा सरकारला होतो.

कायद्याची कहाणीही थोडक्यात सांगितली पाहिजे. मूळ घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी दहा वर्षांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले होते; त्यात सहा वर्षांखालची मुलेही होती. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाखालच्या मुलांना पुन्हा 'प्रयत्न करील' या शब्दांवर ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे ११ वे कलम तीन ते सहा वयाच्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असे म्हणते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्वांना बालशिक्षण देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने त्यातले पुष्कळसे म्हणणे कोसबाडच्या टेकडीवरून फार पूर्वी सांगून झालेले आहे. पण धोरण न्यायालयात घेऊन जाता येत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या करातून वरिष्ठांच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा जाब विचारला होता. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तो जाब अजून विचारायचा राहिला आहे, आणि कलम ११ मधले ते 'करू शकेल' बदलून 'करील' करून घेण्याची मागणी कोणत्याही मोर्चाच्या फलकावर अद्याप ठळकपणे आलेली नाही.

तोवर गावपातळीवर करण्यासारखे काही थोडके नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. तिचा विनियोग बहुधा भाषणे, शिलाई यंत्रे आणि हळदीकुंकू यांत होतो. दोन घमेली, चार-सहा भिंगे, चाळणी, तराजू, कुंड्या, वाळूची पेटी, वाचून दाखवण्याजोगी पंचवीस-तीस पुस्तके आणि त्यांसाठी मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीची फळी, यांना त्यातला फारच थोडा पैसा लागेल. या वस्तू कपाटात कुलूपबंद राहू नयेत म्हणून वर्षातून दोनदा तरी कार्यकर्त्यांनी अंगणवाडीत तासभर बसून यावे. मात्र तपासनीस म्हणून जाऊ नये; तसे तपासनीस ताईंना भरपूर आहेत. घमेल्याजवळ उकिडवे बसता येत असेल त्यानेच जावे. खर्चाचा ठराव ग्रामसभेत मांडण्यापूर्वी वस्तूंची यादी सेविका आणि मदतनीस या दोघींबरोबर बसून करावी लागेल, आणि त्यासाठी त्यांच्या नोंदवह्या भरून होण्याची वाट पाहावी लागेल.